देवगिरीच्या राजाची दाढी

औरंगाबादच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि भास्करचे तोवर दोन चित्रपट संपले होते. एक पुणे ते नगर, दुसरा नगर ते गोदावरीचा पूल. भास्करचा चित्रपट संपतो म्हणजे तो मला पूर्ण सांगून होतो.

मी सांगलीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो. भास्कर माझा बालमित्र आणि धंद्याने चित्रपट-दिग्दर्शक. प्रत्यक्षात मात्र त्याचा एकही चित्रपट झालेला नाही. धरणावरचा झाला नाही, सर्कशीवरचा झाला नाही आणि ज्याच्यासाठी मी तीन महिने मुकुट आणि अंगरखे काढत बसलो होतो, तो देवगिरीच्या यादवांवरचाही झाला नाही. या मे महिन्यात मात्र त्याला एक शेठ भेटला होता. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत त्याचा प्लॅस्टिकचा कारखाना होता आणि त्याला पडद्यावर स्वतःचं नाव बघायचं होतं. "मास्तर, सुट्टीच आहे, चला," असं भास्कर म्हणाला आणि मी निघालो.

शेठची भेट दुसऱ्या दिवशी होती. पहिला दिवस मोकळा म्हणून दौलताबादचा किल्ला पुन्हा बघायचं ठरलं. रिक्षावाल्याने आमच्या पिशव्या बघून आधीच सांगितलं, "आज-कल घूम लो साब, परसों बंद है. परसों चिड़िया भी नहीं निकलेगी." विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला होता. भिंतींवर एका बाजूने "झालंच पाहिजे" आणि दुसऱ्या बाजूने "होऊ देणार नाही" असं लिहिलेलं होतं. मध्ये एखाद्या नव्या कारखान्याच्या भरतीची जाहिरात असे.

किल्ला जिथल्या तिथे होता. अंधारीतून (किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता) जाताना भास्करने मला शत्रूचं सैन्य कसं अडकेल ते करून दाखवलं आणि स्वतःच एका दगडाला अडखळून गुडघा फोडून घेतला. परतताना पडेगावाजवळ रिक्षाचं चाक बसलं. चाक बदलेपर्यंत आम्ही लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. समोरून मेंढरांचा कळप आला आणि त्याच्या मागून एक उंच म्हातारा. त्याची दाढी थेट बेंबीपर्यंत होती. भास्करसमोर येऊन तो थांबला.

"आलात?" तो म्हणाला.

ओळखत नसलेल्या माणसालाही भास्कर कधी नाराज करत नाही. "आलो की!"

"लई उशीर केला, सायेब."

हा भिवाजी. त्याने आम्हाला घरी नेलं. घरासमोर लग्नाचा मांडव घातला होता. त्याची बायको कोंडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तिने भास्करकडे निरखून पाहिलं आणि तांब्या मागेच धरला.

"तुमीच व्हय ते सिनेमावाले? बारा वर्षं झाली. इथंच ह्यांला म्हणला होतात ना, ही दाढी देवगिरीच्या राजाची हाय, म्या येईस्तोवर वस्तरा लावायचा नाय? ह्यांनी बिरोबाची आण घेतली. तवापासून समदं पडेगाव ह्यांला राजा म्हणतंय. मला मातर कोन बी राणी म्हनत नाय."

भास्करला आठवलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला ते समजलं, कारण तो लगेच दाढीची स्तुती करू लागला.

अडचण अशी होती की भिवाजीच्या यमुनेचं लग्न ठरलं होतं आणि परवा हळद होती. मुलाकडचे एकदा येऊन गेले होते आणि पोरीच्या बापाने घर सोडलंय की काय, असं विचारून गेले होते. बैराग्याच्या घरची मुलगी करायला ते कचरत होते.

"शब्द दिलाय, तर म्या आपणहून काढनार नाय," भिवाजी म्हणाला. "सिनेमा व्हनार आसंल तर सोयऱ्यांची समजूत घालतो. व्हनार नसंल तर तुमी सांगा, काढतो. मंग, व्हनार का?"

कोंडाबाई, मी आणि दाराआड उभी असलेली यमुना, आम्ही सगळे भास्करकडे बघत राहिलो.

"उद्या शेठला भेटतोय," भास्कर म्हणाला. "परवा पक्कं सांगतो."

संध्याकाळी आम्ही शहागंजात नान-खलिया (हळदीच्या रंगाची जाडजूड नान आणि मटणाचा जळजळीत रस्सा) खाल्ला. तिखटाने माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. भास्कर मात्र जेवणभर एकच वाक्य म्हणत होता, "काय दाढी आहे, मास्तर! काय दाढी!"

दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवे कारखाने उभे राहत होते आणि मध्येच एखाद्या कुंपणाला लागून ज्वारीची धसकटं दिसत होती. शेठच्या ऑफिसात छतापर्यंत बादल्या रचलेल्या होत्या. भास्करने पाऊण तास देवगिरी सांगितली. मी चित्रं दाखवली. शेठने मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "राजा चांगला आहे. राजाच्या हातात आपली बादली येईल का?"

सातशे वर्षांपूर्वीच्या यादव राजाच्या हातात प्लॅस्टिकची बादली! मी उठायच्या बेतात होतो. भास्करने अर्धा मिनिट डोळे मिटले.

"कोणत्या रंगाची?" त्याने विचारलं.

पण शेठनेच पाय मागे घेतला. शहरातलं वातावरण बरं नाही, म्हणाला, नामांतराचं एकदा काय ते होऊ दे, मग बघू. निरोप देताना त्याने आम्हाला एकेक प्लॅस्टिकचा मग भेट दिला.

"नाही म्हणालेला नाही," बाहेर पडताच भास्कर म्हणाला. मी विचारलं, भिवाजीचं काय? त्यावर त्याने सांगितलं की सकाळच्या पहिल्या गाडीने निघू आणि भिवाजीला पुण्याहून सविस्तर पत्र पाठवू. भिवाजीला वाचता येतं का, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सकाळी स्थानकावर एकही गाडी हलत नव्हती. बंद कडकडीत होता. सांगितलेलं असूनही आम्ही ते विसरलो होतो. पिशव्यांवर बसून राहिलो. थोड्या वेळाने घोषणा ऐकू आल्या आणि निळे झेंडे घेतलेला नामांतराचा मोर्चा रस्त्याने येऊ लागला. एक मुलगी फलक भिंतीला टेकवून स्थानकाच्या नळावर पाणी प्यायला आली. एम.ए. करत होती. भास्कर गप्प बसणं शक्यच नव्हतं. आपण चित्रपट काढतो आणि या लढ्यावर एक मोठा चित्रपट काढायचं मनात आहे, असं त्याने तिला सांगून टाकलं. मनात आल्याला दोन मिनिटंही झाली नसतील.

मुलीने पदराने तोंड पुसलं. "आमची वस्ती जाळली तेव्हा पण खूप जण वह्या घेऊन आले होते," ती म्हणाली. "माझ्या आईकडून दोनदोनदा सगळं वदवून घेतलं. परत येतो म्हणाले. ती कितीतरी दिवस रस्त्याकडं बघायची."

"मी तसा नाही," भास्कर म्हणाला.

"नसाल. पण जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हणा, काका. 'बघू' आम्ही सरकारकडून लई वेळा ऐकलंय. नाही म्हटलं की माणसाला पुढचं काहीतरी करता येतं."

फलक उचलून ती मोर्चात मिसळली. भास्कर उठला, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "मास्तर, पडेगाव किती लांब असेल?"

लष्कराच्या छावणीतून आम्ही चालत गेलो. रस्त्यावर आमच्याशिवाय फक्त ऊन होतं. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि पुढचा रस्ता मी एक पाय घासत काटला. मांडवात पोहोचलो तेव्हा हळदीची गर्दी होती. कडेला न्हावी बसला होता आणि एकेक पाहुणा त्याच्यासमोर जात होता. भिवाजी तेवढा लांब खांबाला टेकून बसला होता. आम्हाला बघून उभा राहिला.

"त्याचं असं आहे," भास्करने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "एकंदर निर्मितीच्या दृष्टीने..." आणि थांबला. इतक्या वर्षांत त्याला वाक्य अर्धवट सोडताना मी पहिल्यांदा पाहिलं. "भिवाजी, सिनेमा होणार नाही. बारा वर्षांपूर्वीही होण्यातला नव्हता. मी बोललो नाही. दाढी काढा."

"शेठ नाय म्हनला?"

"शेठ नव्हे. मी म्हणतोय."

भिवाजी खाली बसला. दाढीवरून त्याने दोनदा हात फिरवला. "मेंढरामागं हिंडताना वाटायचं, आज ना उद्या बोलावणं येनार," तो म्हणाला. "बरं वाटायचं तेवढंच." भास्करची मान वर होईना. मग भिवाजी उठला आणि न्हाव्यापुढे जाऊन बसला.

न्हाव्याने आधी कात्री चालवली, मग वस्तरा. पाती दोनदा बदलावी लागली. वरचा चेहरा उन्हाने काळाभोर आणि खालची हनुवटी नुकत्याच सोललेल्या मुळ्यासारखी पांढरी. हळदीने माखलेली यमुना धावत बाहेर आली. "आबा, तुमाला हनुवटी हाय!" म्हणाली आणि हसत हसत खालीच बसली. कोंडाबाई काहीतरी न्यायला बाहेर आली, तिने त्याला पाहिलं आणि परका माणूस समोर आल्यासारखा डोक्यावरचा पदर झटकन पुढे ओढला. सगळा मांडव हसला. मग तीही हसली आणि डोळे पुसत आत गेली.

भिवाजीने आरशात खालून-वरून पाहिलं. "सायेब," तो म्हणाला, "ह्या तोंडाला काय काम निघतंय का बघा."

भास्करचे डोळे चमकले. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याने मोठा श्वास घेतला.

"नाही," तो म्हणाला. "काही काम नाही."

"बरं. मंग जेवून जावा."

येसर (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची तिखट आमटी) आणि भाकरी जेवलो. मला वाढताना कोंडाबाईने कुणाची तरी जुनी चप्पल पायाशी आणून ठेवली. तीच घालून मी सांगलीपर्यंत आलो.

परतीच्या प्रवासात भास्करने एकही चित्रपट सांगितला नाही. पुण्याला त्याने डझनभर पोस्टकार्डं घेतली. नावं आठवून आठवून सांगितली आणि पत्ते मी लिहिले. साताऱ्याची गायिका, कराडचा पैलवान, मिरजेचा एक सतार करणारा, जिथे जिथे तो "थांबा" म्हणून आला होता ते सगळे. मजकूर सगळ्यांना एकच होता. चित्रपट होणार नाही, कळवायला उशीर झाला, माफ करावे. चित्रपट अर्धवट राहिला तर नुकसान ते काढणाऱ्याचं होतं, अशी माझी आजवर समजूत होती. कार्डं पेटीत टाकताना ती मोजावीशी वाटली नाहीत.

उत्तर एकच आलं, मिरजेहून. "आपले कार्ड पोचले. कळवल्याबद्दल आभारी आहे. मी आपली वाट बघत नव्हतो. पण कार्ड आल्यापासून फार चुकल्याचुकल्यासारखे वाटते आहे."