कागदाची पाठ

माझा थोरला भाऊ जन्मांध. उज्जैनच्या एका कॉलेजात तो इतिहास शिकवायचा आणि त्याचं लिहिणं-वाचणं मी करायचे. ‘तू त्याचे डोळे आहेस,’ असं नातेवाईक म्हणत. ते ऐकून मला संताप यायचा, आणि कोणी म्हणायचं विसरलं तर त्याहून जास्त.

मग परदेशातल्या एका संस्थेकडून त्याला एक बोलकी पेटी मिळाली. तिच्यावर ब्रेलची सहा बटणं. ती दाबली की इंग्रजी मजकूर आत साठायचा आणि पेटी तो वाचून दाखवायची. कॉलेजने टाकून दिलेला एक जुना प्रिंटर दादाने तिला जोडून घेतला. तो इतका करकरायचा की आमच्याकडे पत्र चाललंय हे अख्ख्या माधव नगरला कळे. त्याच्या सुया रिबिनीवर आपटत आणि कागदाच्या पाठीवर बारीक उठाव येई. दादा कागद उलटा करून बोटं फिरवायचा. अक्षरं लागत नसत, पण छापलं की नाही आणि ओळी किती झाल्या, एवढं समजे. मला विचारायची गरज उरली नाही. मी सुटले, असं मी सगळ्यांना सांगत असे.

तेव्हा बाजारात रोज नवीन मशीन येत होतं आणि जुन्याचे सुटे भाग नाहीसे होत होते. आमचा प्रिंटर एका उन्हाळ्यात बंद पडला. दुकानदार म्हणाला, “भाईसाहब, अब ये कोई नहीं बनाता. इंकजेट ले जाइए.” पहिला नवा प्रिंटर कॉम्प्युटरशिवाय हलेचना. दुसरा हलला असता, पण त्याची वायर पेटीत बसेना. मग मध्ये जोडणीची एक डबी, डबीला वेगळा प्लग. नाकापेक्षा मोती जड! एवढं करूनही पान अर्धं बाहेर येऊन थांबायचं. मजकुराच्या शेवटी पान संपल्याची खूण टाकावी लागते, हे शेवटी दादाच्याच लक्षात आलं. ती टाकल्यावर पान सळकन बाहेर पडलं. तो इतका खूश झाला की त्याने स्वतः चहा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने एक पत्र छापून काढलं, कागद उलटा केला आणि बोटं फिरवली. पाठ गुळगुळीत होती. या प्रिंटरला सुया नव्हत्या, तो नुसती शाई फवारायचा.

“आलं का गं छापून?” त्याने विचारलं. “बघ जरा. आजच डाकेने रजिस्ट्री करायची आहे, शेवटचा दिवस आहे.”

मला फक्त बघायचं होतं, पण मी वाचलं. भोपाळच्या एका कॉलेजला त्याने कळवलं होतं की नेमणूक मान्य आहे, वसतिगृहातली खोली चालेल, सोबत कोणी येणार नाही.

यातलं त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी अशीच नोकरी चालून आली, तेव्हा ‘बहिणीशिवाय जमणार नाही’ असं पत्र मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. तो गेल्यावर मी दिवसभर काय करणार होते?

“कोरा आहे,” मी म्हटलं.

“कोरा? मशीन तर बरोबर चालली नं!” त्याने वायरी चाचपल्या, डबीचा प्लग काढून पुन्हा लावला आणि मजकूर पुन्हा पाठवला. दुसरा कागद आला. अक्षरं स्वच्छ, काळीभोर.

“हाही कोरा.”

त्याने हात पुढे केला. मी कागद दिला. त्याने तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. शाई अजून ओली होती.

“डाकघर किती वाजता बंद होतं गं?” एवढंच त्याने विचारलं.

“चारला.”

मी कागद टेबलावर ठेवला, त्याच्या हातात पेन दिलं आणि त्याचं बोट धरून सहीच्या जागी टेकवलं. सही झाली. पाकीट चिकटवून मी चपला घालायला लागले, तर तो म्हणाला, “तू बस. मी जाऊन येतो.”