वजनकाट्याच्या लॉगमधली ती ओळ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. इथे येणारे निम्मे अनुभव म्हणजे अपचन आणि उरलेल्या थापा, असं माझं स्पष्ट मत. तरीही लिहितोय, कारण हे माझ्याच प्रोग्रॅममध्ये घडलं...

नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. पनवेलजवळ, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक तोलणाऱ्या एका वजनकाट्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिलं होतं. मालक असा, की प्रोग्रॅम अडकला की ‘बाहेरची बाधा’ म्हणायचा. शेवटी वैतागून मी काट्याच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरपासून मागच्या ऑफिसातल्या प्रिंटरपर्यंत वायर ओढली. प्रोग्रॅम जे जे करेल त्याची ओळ तिथे लगेच छापली जायची. म्हणजे अडकला तर नेमका कुठे, ते कळणार. यालाच आम्ही लॉग म्हणतो.

त्या दुपारी मी प्रिंटरपाशी बसलो होतो. गाडी आली, वजन घेतलं, पावती निघाली... सगळं इंग्रजीत, मी लिहिलं तसं. आणि मध्येच, इंग्रजी अक्षरांत पण मराठी शब्द — ‘खुर्ची रिकामी’.

पुन्हा तेच. मग पुन्हा!

केबिनमध्ये कॉम्प्युटरवर सुकापूरच्या सुनंदाताई बसायच्या. म्हटलं, बाईंचाच चावटपणा. खिडकीतून ओरडलो, "ताई, खेळणं वाटलं का ते? इकडे या, बघा काय करून ठेवलंय!"

"मी काय नाय केला!" त्या तणतणत आल्या, कागद वाचला. "खुर्ची रिकामी कशी? मी हाय ना बसलेली..."

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. रिव्हर्स घेणारा ट्रेलर केबिनच्या भिंतीत घुसला होता. मागे लोंबणाऱ्या सळ्या सुनंदाताईंच्या खुर्चीतून आरपार गेल्या होत्या.

मी प्रिंटरमधला तो कागद फाडून घेतला.

मालकाने सत्यनारायण घातला. त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती! मी मात्र प्रोग्रॅम ओळन् ओळ तपासला. ते शब्द कुठेच नव्हते. कीबोर्डवर टाइप केलेलं त्या प्रिंटरवर जायची सोयच मी ठेवली नव्हती. पुण्याचा एक दीडशहाणा मित्र म्हणाला, "मेमरीतला कचरा असेल रे." कचरा मराठी बोलतो? त्याच्यापेक्षा तो सत्यनारायण बरा.

सुनंदाताई कामावर परतल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, "त्या ओळीचं तुम्हाला काय वाटतं?"

"मला ओळबीळ काय म्हाईत नाय. तुमी वरडलात, म्हणून मी उठले."

मी ओरडलो, हे खरं. मला ओरडायला कुणी लावलं... ते आजतागायत कळलेलं नाही.