यानीकाकांचं शिळं पाणी

दर रविवारी सकाळी मी आणि शेजारचे यानीकाका ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या बाजारात जायचो, म्हणून त्या दिवशीही मी पिशवी घेऊन दाराशी उभीच होते. कुंपणापलीकडून यानीकाकांऐवजी त्यांची मुलगी एलेनी आली. "डॅड गेले, झोपेतच," एवढंच म्हणाली. मी पिशवीची घडी घालत राहिले, पुन्हा उलगडत राहिले... वय झालं होतं, मान्य. पण इतक्या वर्षांचा शेजार असा एका वाक्यात संपतो, हे मला अजून पटलेलं नाही.

यानीकाका ग्रीसचे, सिमी नावाच्या चिमुकल्या बेटावरचे. तरुणपणी ऑकलंडला आले, जन्मभर प्लंबिंग केलं, पण बोलायला बसले की स्वारी थेट सिमीवर. टेबलावर ओलं फडकं चुरगळून ठेवायचे. हे उघडेबोडके डोंगर, ही खाडी, तिच्याभोवती चढत गेलेली रंगीत घरं. साखरेचा डबा म्हणजे तुर्कस्तान, इतका जवळ! "माझी आजी तुर्कांच्या राज्यात जन्मली, आई इटलीच्या आणि धाकटी बहीण ग्रीसच्या," ते सांगायचे, "आणि तिघी एकाच खोलीत!" वडील समुद्रात बुड्या मारून स्पंज काढायचे. पुढे तो धंदा बसला आणि माणसं जगभर पांगली.

बेटावर नदी नाही, पाण्याची कायम मारामार. हिवाळ्यात छपरावर पडलेला पाऊस अंगणाखालच्या टाक्यात उतरवायचा आणि वर्षभर तोच प्यायचा. इथे नळाला धो धो पाणी, तरी या गृहस्थांनी मागच्या अंगणात टाकं खणलंच, वर सिमीसारखे काळे-पांढरे गोटेही बसवले. एलेनी वैतागायची. "डॅड, इथे हीप्स पाऊस पडतो, ढिगाने!" काका ऐकू न आल्यासारखं करायचे.

माझी आई पुण्याहून आली तेव्हा काकांनी तिला चमचाभर मुरंबा आणि त्या टाक्यातलं ग्लासभर पाणी दिलं. "अगं, हे तर आपलं गूळपाणी!" आई खूश. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा त्यांच्याकडे नेलं, तर मदत म्हणून तिने टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, कुंडीत रिकामा केला आणि नळाखाली धरला. "कालचं शिळं पाणी होतं," तिचं स्पष्टीकरण. शिळं म्हणजे काय, ते काकांनी विचारलं. मी अर्थ सांगितल्यावर म्हणाले, "कालचं? सिमीवर आम्ही गेल्या वर्षीचं पीत होतो!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आईही ओशाळून हसली. तेव्हापासून मी गेले की जग पुढे करून ते विचारायचे, "शिळं?" तेवढा एकच मराठी शब्द त्यांना येत होता.

ते गेल्यावर एलेनीने घर विकायचं ठरवलं. एजंट म्हणाला, आधी टाकं बुजवा. तिने माणूसही ठरवला. माझा जीव तुटत होता, पण शेजारणीने बोलायचं तरी किती?

चाळिसाव्या दिवशी त्यांच्या रिवाजाप्रमाणे तिने उकडलेल्या गव्हात साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून ते सगळ्यांना वाटले. चव आपल्या गव्हाच्या खिरीच्या जवळची. मग ती तो जग घेऊन अंगणात गेली आणि टाक्यातून भरून आणला.

"गेल्या हिवाळ्यातला पाऊस आहे. डॅडनी साठवलेला," ती म्हणाली. ग्लास भरता भरता पुढे, "टाकं बुजवणाऱ्याला नको म्हणून कळवलंय. घराचंही बघू..."

तिने ग्लास माझ्यापुढे धरला.

"शिळं?" तिने विचारलं. अगदी काकांच्या उच्चारात.

मी ग्लास एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.