बोलक्या पेटीतली अक्षत

आई गेल्यावर मी पांडुरंगापुढे रोज दिवा लावत होते, पण मागावं असं काही वाटत नव्हतं. तो ऐकतो, हा विश्वासच उरला नव्हता.

माझ्या वडिलांची, अण्णांची दृष्टी मधुमेहाने गेली होती. परभणीत त्यांनी अर्धं आयुष्य टायपिंगचा वर्ग चालवला, त्यामुळे बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. परदेशातल्या माझ्या भावाने त्यांच्यासाठी संगणक आणि त्याला जोडायची एक बोलकी पेटी आणून दिली होती. पडद्यावर उमटलेले शब्द ती पेटी मोठ्याने वाचून दाखवी. आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. वर्षश्राद्धाच्या आत त्या उतरवायच्या, असं अण्णांनी मनाशी धरलं. इंग्रजी अक्षरांतून ते मराठी टाइप करत आणि पेटी ते साहेबी उच्चारात म्हणे. अण्णा हसत, "तुझी आई विलायतेला जाऊन आली गं!" पेटीला कानात घालायची नळी होती, पण ती त्यांनी कधी लावली नाही. आईचं घरभर ऐकू यावं, असं ते म्हणत.

मी पडद्यावरून वाचू पाही, तर दुसऱ्याच ओळीला मला रडू येई. मग अण्णांचीही बोटं थांबत. पेटीला रडू येत नसे, म्हणूनच ते काम चाललं होतं.

आईचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून आमच्याकडे दसरा नव्हता. खंडेनवमीला शेजारच्या काकूच तबक घेऊन आल्या. "तुमाला वर्साचं सुतक, यंत्राला कशाचं? अण्णांचं हत्यार हाय ते. कोरडं ठिवू न्हाई," म्हणत त्यांनी संगणकाला आणि पेटीला हळदकुंकू लावलं, मूठभर अक्षता वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी पेटी मुकी झाली. तिचा दिवा लागत होता, पडद्यावर अक्षरं उमटत होती, आवाज मात्र नाही. मी वायरी काढून पुन्हा बसवल्या, आवाजाचं बटण फिरवून पाहिलं, संगणक बंद करून चालू केला, भावाने ठेवलेलं माहितीपुस्तक पालथं घातलं. औरंगाबादेहून माणूस बोलवावा, तर विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, एसटीचा भरवसा नव्हता. इकडे अण्णांच्या मनातून ओव्या निसटू लागल्या. एक ओवी अर्धीच टाइप करून ते थांबले होते.

एका सकाळी त्यांनी कळफलकावर पंचा पांघरला. "पांडुरंगा, तिच्या ओव्या तिच्यासंगं गेल्या म्हणतो. तुझी मर्जी." त्या आवाजात तक्रार नव्हती. मला ते ऐकवलं नाही, मी अंगणात आले.

फाटकाशी एक म्हातारी उभी होती. "बाई, पाणी देता का? झरीला जायचंय, यष्टी बंद हाय." मी तिला घरात घेतलं. पाणी पिऊन तिची नजर कुंकू लावलेल्या पेटीवर गेली.

"ह्यो कोणता देव म्हणायचा?"

"बोलणारा देव आहे, आजी. सध्या रुसलाय," अण्णा म्हणाले.

म्हातारीने पदर सावरला आणि पेटीपुढे पार कपाळ टेकलं. तशीच वाकलेली असताना म्हणाली, "रुसंल न्हाई तर काय? याच्या कानात तांदूळ घातलाय तुमी."

मी खाली वाकले. कानातली नळी लावायच्या भोकात एक लाल अक्षत अडकली होती. नळी जोडली आहे असं समजून पेटीने बाहेरचा आवाज बंद केला होता. इतके दिवस मी वरून बघत होते. केसातल्या आकड्याने दाणा काढला. अण्णांनी पंचा बाजूला केला आणि कळ दाबली. पेटी साहेबी सुरात म्हणाली:

"दळण सरलं बाई, जात्याला पाठ देऊ..."

ओवी तिथेच अर्धी होती. अण्णांना पुढचं आठवेना. आणि माझ्याच तोंडून, आईच्या चालीत, न अडखळता निघालं:

"उरल्या पिठामंदी लेकीचं नाव लिहू."

अण्णांची बोटं लगेच चालू लागली. म्हातारीसाठी भाकरी घेऊन मी स्वयंपाकघरातून आले, तर ती उठून गेली होती; फाटकाबाहेर पाहिलं, रस्त्यावर कोणी नव्हतं. झरीकडे जाणारी जीप मिळाली असेल.

वर्षश्राद्धाला ओव्या पूर्ण झाल्या. ती अक्षत देव्हाऱ्यात आहे. रोज दिवा लावताना मी आता कपाळ जमिनीला टेकवते. मागायचं काही नसतं, पण तो ऐकतो हे ठाऊक असतं.