आये काय म्हणता

लालबागच्या त्या चाळीत प्राची घाडीगावकरइतकं गोड खोटं बोलणारी दुसरी मुलगी नव्हती, आणि त्याबद्दल तिला कोणी कधी दोष दिला नाही. इंग्रजी शाळेत गेलेली मजल्यावरची ती पहिली पोर. त्यामुळे बँकेचा फोन असो, कुरिअरवाला असो की समोरच्या टॉवरमधून साड्या घेऊन येणारी मॅडम असो, मध्ये उभी प्राची. तिची आई राधा घरी साड्यांना फॉल लावते. टाके जाड आलेत म्हणून मॅडम इंग्रजीत कुरकुरली, की प्राची आईला सांगायची, "त्यांना आवडलं. फक्त पुढच्या वेळी टाका जरा बारीक घाल." आई उसळायची, "तिका सांग, तूच सुई घेवन बस!" मॅडमच्या कानावर जायचं, की आईने सॉरी म्हटलंय. दोन्हीकडे शांतता. कळ लावणारे जगात पुष्कळ भेटतात, ही पोर कळ गिळून टाकायची.

राधा देवगडकडची. लग्न होऊन मुंबईत आली त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण तिची जीभ काही गाव सोडून आली नाही. लहानपणी प्राचीही मालवणीच बोलायची. मग एकदा शाळेत ती "माका नको" म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने मालवणी तोंडातून काढून टाकली, आयेची आई झाली. पुढे पुढे तर घरी मैत्रिणी आल्या, की ती हळूच म्हणायची, "आई, तू आत बस ना जरा." आता एका खोलीच्या घरात आत म्हणजे कुठे? मोरीत! राधा बिचारी घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची.

या वर्षी कॉलेजने बारावी होणाऱ्या मुलांसाठी नवं पदक काढलं. दोन भाषा ज्याला खरोखर येतात, त्याला ते मिळणार होतं. लेखी पेपर नाही. इंग्रजी न येणारं घरातलं एक माणूस आणायचं, परीक्षक इंग्रजीत विचारणार, माणूस आपल्या भाषेत उत्तर देणार आणि मुलाने मधे बसून दोन्हीकडे पोचवायचं. पदक मिळालं तर भाषांतराच्या अभ्यासक्रमासाठी प्राचार्य स्वतः शिफारस करणार होते, आणि प्राचीला तेच शिकायचं होतं. तिच्या बाबांना कंपनीची गाडी चालवून चालवून कामापुरतं इंग्रजी यायचं, म्हणजे ते बाद. राहिली राधा. "शुद्ध बोल हं आई," प्राचीने तिला दहादा बजावलं, "आणि थोडंच बोल."

परीक्षकबाई केरळच्या होत्या, मराठीचा गंध नसलेल्या. शेजारी कॉलेजचे विकास सर होते, पण ते नागपूरचे. पहिले दोन प्रश्न सुरळीत गेले. राधा नव्या चपला घातल्यासारखी जपून जपून शुद्ध मराठी बोलत होती. मग बाईंनी विचारलं, "घरी मुलगी तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलते?"

प्राचीने प्रश्न पोचवला. आणि राधाची मालवणी सुटली ती सुटलीच.

"माज्या भाषेत नाय बोलणा. मैत्रिणी इल्यो काय माका सांगता, तू आत बस. माज्या बोलण्याची लाज वाटता तिका."

"काय म्हणाल्या?" विकास सर पुढे वाकले. "फार भरभर बोलल्या, मला नाही समजलं."

म्हणजे कोणालाच समजलं नव्हतं. प्राचीच्या जिभेवर गोड वाक्य तयारच होतं: आई म्हणतेय, आम्ही घरी आमची भाषा अभिमानाने बोलतो. बोलायचं आणि मोकळं व्हायचं. आईची लाज वाटणाऱ्या पोरीला कोण पदक देणार? तिने आईकडे पाहिलं. राधा निवांत बसली होती. आपण बोललो ते आता लेक पोचवील, असा पुरा भरवसा तिच्या चेहऱ्यावर होता. आजवर तिचं बोलणं कधी धड पोचलंच नव्हतं, आणि ते तिच्या गावीही नव्हतं. प्राचीला स्वतःची अशी शरम वाटली, की पदक गेलं तर गेलं.

तिने आईचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. 'लाज'ला सौम्य शब्द सापडत होता, तो घेतला नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना विचार," त्या म्हणाल्या, "हे खरं आहे का?"

आता हे आईपर्यंत न्यायला हवं होतं.

"आये, बाई इचारतत, ह्या खरा काय?"

राधा तिच्याकडे बघतच राहिली; लेकीच्या तोंडून 'आये' ऐकून वर्षं झाली होती. प्रश्न तिला कळला होता, पण उत्तर द्यायची तिला घाई नव्हती.

"परत इचार," ती म्हणाली.

प्राचीने पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने. विकास सर चमकून तिच्याकडे बघू लागले. राधाने पदराने नाक पुसलं आणि थेट बाईंकडे बघून सांगितलं,

"खरा होता."

बाई थांबल्या होत्या. 'आहे' आणि 'होतं' यात केवढं अंतर असतं, हे प्राचीला तेव्हा कळलं. त्या दोन शब्दांत तिने काही वाढवलं नाही की गाळलं नाही.

"इट वॉज," ती म्हणाली.