पॉवर सप्लाय निवडणारा

माणिकपूरला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस आहे. नाव मी कधी विचारलं नाही, बोलण्यात त्याने तेवढी फट कधी ठेवलीच नाही. गिऱ्हाईक काही सांगायच्या आत तोच विचारतो, "घरात खाणारी तोंडं किती?" म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात वीज खाणारे भाग किती. मग पॉवर सप्लाय शहाळ्यासारखा हातावर तोलतो. वर छापलेल्या वॅटवर त्याचा विश्वास नाही. "काका, छापायला काय जातंय? हलका असला की आत नुसती हवा."

आमचा कॉम्प्युटर बायको गेल्यावर बंद पडला, सप्लाय जळाला होता. लग्नातली जुनी गाणी तिने स्वतः गाऊन त्यात भरली होती, दुसरीकडे कुठेच नाहीत. तरी मी म्हटलं, "स्वस्तातला टाक."

"स्वस्तातला एकटा मरत नाही, काका. डिस्कला घेऊन जातो. मग गाणीपण गेली."

"बरा की मग. आमची ही एकटीच गेली."

तो गप्प झाला असेल असं वाटेल, पण नाही. त्याने सप्लायमधल्या पंख्यावर भाषण दिलं. संध्याकाळी मात्र वजनदार सप्लाय घेऊन स्वतः घरी आला आणि बडबडत बसवला.

मशीन चालू झालं. ती गायला लागली आणि मधेच थांबून ओरडली, "अहो, वाडीतला चिखल घेऊन कुठे आत येताय? आत्ताच पुसलंय!"

मी जागचा हललो नाही. त्याने तोंड मिटलं, खाली बघितलं आणि आपले बूट काढून दाराबाहेर नेऊन ठेवले.