काँगोची टोपली

सासूबाईंशी माझं पहिलं वाजलं ते टोपलीवरून. वडूजजवळच्या त्या घरात मी नवीन होते. टोपली आमच्या मालकांनी आणलेली. लग्नाआधी त्यांची पलटण आफ्रिकेत, काँगोत गेली होती, तिथल्या बायकांनी गवताची विणलेली. आमच्याकडं बुरडाची टोपली शेणानं सारवल्याबिगर तिच्यात दाणा घालत नाहीत, फटीतनं गळतो. सासूबाईंनी लेकाची टोपलीही आली त्याच दिवशी आतबाहेर सारवली. पुढं दर सणाला नवा थर.

मालक सुट्टीवर आले की सांगायचे. गवताची जुडी धरायची, पात्याची पट्टी गुंडाळत ती गोल फिरवायची, दाभणानं भोक पाडून प्रत्येक फेर खालच्या फेराला शिवायचा. फट राहतेच कुठं? वर तांबडी-काळी नक्षी, बुडापासून फिरत काठापर्यंत गेलेली. मी धुते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "सारवल्याली टोपली कुणी धुतं व्हय?" मालक नुसते हसले. "ऱ्हाऊ दे. आईला वाईट वाटंल." मी जात्याच तापट, दोन दिवस मालकांशी बोलले नाही.

एकाहत्तरच्या लढाईतनं ते परत आले नाहीत. नक्षी बघायची माझ्या मनात तशीच राहिली.

पुढं दुष्काळ पडला. टोपलीतली ज्वारी सरली. एक दिवस सासूबाई आपणहून म्हणाल्या, "धू बाय ती. माझ्या लेकानं काय आणलं हुतं, मलाबी बघू दे."

टँकरचं पाणी त्या दिवशी आंघोळीला वापरलं नाही. दोघी ओल्या फडक्यानं चोळत बसलो. शेणाचे पापुद्रे निघाले आणि खालनं तांबडं दिसलं, मग काळं. ते सांगायचे अगदी तस्संच. एक टाका ढिला नव्हता. "आन् मी ह्याच्यावर शेण थापलं," म्हणत सासूबाई रडल्या. मला मात्र लय दिवसांनी बरं वाटत होतं, मालक घरात असल्यागत.

टोपली अंगणातल्या दगडावर वाळत ठेवली आणि मी चुलीकडं वळले. बाहेर आले तर गाय टोपलीला लागलेली. चारा नव्हता म्हणून तिला बांधतच नव्हतो, नुसत्या बरगड्या राहिल्या होत्या. एवढी वर्षं शेणाच्या वासानं तिनं ती हुंगलीही नव्हती. आता गवत उघडं पडलं होतं.

मी काठी उचलली. सासूबाईंनी माझा हात धरला.

"खाऊ दे, पोरी. कवापास्नं गवत न्हाई बघितलं तिनं."

हात सोडवून घ्यायचं बळ माझ्यात होतं, पण मारू कुणाला? त्या तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या. आधी काठ गेला, मग नक्षी, शेवटी बूड. माझं अजून नीट बघूनही झालं नव्हतं.